एकी-बेकी

लोखंडी पेटीची किल्ली हातात आली त्या दिवशी उज्ज्वला सरवदे यांना या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवलेलं बरं. कारण नंतर कोणी काय घालवलं याचीच बोलणी इतकी झाली की मिळायचं काय होतं, हे सगळे विसरून गेले.

पगार वाढणार नव्हता. हुद्दा बदलणार नव्हता. येडशीच्या माळावरच्या तारामापन केंद्रात त्या ग्रंथपाल होत्या, आणि २०४३ साली ग्रंथपाल म्हणजे कुणीही न उघडणाऱ्या कपाटांची राखण. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. तर मिळणार होती एक पेटी, हातात धरून फिरता येईल एवढी. तिची एकुलती एक किल्ली. आणि जगभर वाचल्या जाणाऱ्या लेखाच्या शेवटी, आभारांच्या ओळीत, स्वतःचं नाव. कुर्डुवाडीच्या रेल्वे वसाहतीतल्या फिटरच्या मुलीला एवढं पुष्कळ झालं.

आणखी एक गोष्ट मिळाली, ती मात्र ताईंनी कुणाला सांगितली नाही. धनू दर रविवारी जेवायला येऊ लागला.

धनू म्हणजे डॉ. धनंजय लोखंडे. वय पन्नास, केंद्राचा सगळ्यात हुशार आणि सगळ्यात एकटा माणूस. कुर्डुवाडीत त्याचं क्वार्टर ताईंच्या क्वार्टरला लागून होतं. तो सात वर्षांचा असताना त्याची आई गेली. बाप वर्कशॉपच्या पाळ्यांत अडकलेला. मग पोरगं भिंतीपलीकडून ताईंच्या स्वयंपाकघरात आलं आणि बारावीपर्यंत तिथेच राहिलं. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठ्या. त्यांनी लग्न केलं नाही, त्याची कारणं वडिलांचं आजारपण वगैरे होती, पण वसाहतीतल्या बायका म्हणत, "हिला मूल आधीच झालंय, आता नवरा कशाला?"

मानलेली बहीण, मानलेला भाऊ. हा 'मानलेला' शब्द लक्षात ठेवा. सगळा घोळ तिथेच झाला.

*

आता त्या पेटीत काय होतं ते.

धनूचा सगळ्या जन्माचा दावा एकच होता: कृष्णद्रव्य नाही. ताईंना हे त्याने पहिल्याच रविवारी, शेंगाच्या पोळीवर तूप सोडता सोडता समजावलं.

"ताई, दीर्घिका फिरतात ना, तारे कडेला जितक्या वेगाने फिरायला हवेत त्याहून जास्त वेगाने फिरतात. एवढ्या वेगाला तर ते उधळून जायला हवेत. जात नाहीत. का?"

"कुणीतरी धरून ठेवलं असेल."

"बरोबर. म्हणून लोक म्हणतात, न दिसणारं काहीतरी जड पसरलंय, त्याने धरलंय. कृष्णद्रव्य. शंभर वर्षं शोधतायत. ते पकडायला खाणींत टाक्या पुरल्या. हाताला काही लागलं नाही. पण हे न दिसणारं वजन मोजलं कशाने? गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने. तराजूच चुकत असेल तर?"

"तराजू चुकतो का कधी?"

धनूने बोट चाटलं. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता. "दोन गोष्टी सांगतो. युरेनस ग्रह हिशेबाप्रमाणे चालेना. एका फ्रेंच गणितज्ञाने सांगितलं, पलीकडे न दिसणारा ग्रह आहे, तो ओढतोय. दुर्बीण लावली, नेपच्यून सापडला. नियम बरोबर, वस्तू लपलेली. मग बुध हिशेबाप्रमाणे चालेना. त्याच माणसाने पुन्हा तेच सांगितलं, सूर्याजवळ एक लपलेला ग्रह आहे. नावसुद्धा ठेवलं, व्हल्कन. लोक पन्नास वर्षं शोधत राहिले. व्हल्कन नव्हताच. नियमच अपुरा होता; तो आइन्स्टाइनने दुरुस्त केला. एकच माणूस, एकच युक्ती. एकदा खरी, एकदा खोटी."

"मग तुझं कृष्णद्रव्य नेपच्यून की व्हल्कन?"

"तेच तर मोजायचंय." त्याने ताटातला हरभऱ्याचा दाणा उचलला. "हा सूर्य समज. याच्यापासून पृथ्वी हातभर अंतरावर. आता असाच दुसरा दाणा येडशी गावाच्या पलीकडे, साडेसात किलोमीटरवर ठेव. हे जोडतारे. एवढ्या लांबून एकमेकांभोवती फिरतात. एका फेरीला सात लाख वर्षं. एकमेकांना ओढतात, पण किती हलकं! आणि एवढ्याशा जागेत कृष्णद्रव्य असलं तरी नगण्य. तिथे लपायला जागाच नाही. मग ते न्यूटनच्या हिशेबाने फिरले तर मी खोटा. त्यापेक्षा वीस टक्के जोरात फिरले तर नियम खोटा, आणि कृष्णद्रव्याचा निम्मा पुरावा त्याच्याबरोबर गेला."

केंद्राच्या दुर्बिणीने असे दहा हजार जोड मोजले होते. अडचण एकच होती. काही जोडांत एकाला चिकटून एखादा मंद, न दिसणारा तिसरा तारा असतो. तो ओढाताण करतो आणि वेग उगीच जास्त दिसतो. असे जोड चाळणीतून बाजूला काढायचे. पण चाळणी किती बारीक ठेवायची हे माणूस ठरवतो. बारीक ठेवली तर सरासरी वेग उतरतो, सैल ठेवली तर चढतो. आणि उत्तर डोळ्यांसमोर दिसत असलं की देवमाणसाचाही हात आपल्या बाजूला झुकतो.

यावर शास्त्रज्ञांनी तोड काढलेली आहे: आंधळी मोजणी. सगळे वेग एका गुप्त टक्क्याने फुगवून ठेवायचे. तो आकडा कुणालाच माहीत नाही, म्हणून चाळणी लावताना आपण जिंकतोय की हरतोय हेही कुणाला कळत नाही. चाळणी कायम झाली, सगळ्यांनी सह्या केल्या, की मग गुप्त आकडा उघडायचा आणि फुगवटा काढून टाकायचा. जे निघेल ते निमूट मान्य करायचं.

आकडा सांभाळायला विज्ञानाशी देणंघेणं नसलेला माणूस हवा होता. समितीने ताईंना निवडलं. स्टाफ क्लबातली हाऊजीची पिशवी आणली, एक ते नव्वद लाकडी चकत्यांची. ताईंनी एकट्याने खोलीत जाऊन एक चकती काढली, आकडा यंत्राला दिला. यंत्राने वेग फुगवले आणि आकडा विसरून गेलं. चकती पेटीत गेली. आता तो आकडा दोनच ठिकाणी होता, पेटीत आणि ताईंच्या डोक्यात.

समितीच्या फॉर्मवर एक रकाना होता: 'संशोधकांपैकी कुणाशी रक्ताचे, विवाहाचे वा आर्थिक नाते आहे काय?'

ताईंनी धनूला विचारलं होतं, "इथे तुझं नाव लिहू ना रे?"

"कशाला? रक्ताचं विचारलंय, ताई. 'नाही' लिही."

'नाही' लिहिताना ताईंचा हात क्षणभर थांबला होता. पण फॉर्म म्हणतो तर म्हणतो.

*

आठ वर्षं एकाच केंद्रात, अर्ध्या किलोमीटरच्या अंतरावर राहून धनू ताईंकडे किती वेळा जेवला होता? चार वेळा. त्यातली दोन गणपतीची. आणि आता जुलैच्या शेवटच्या रविवारपासून एकही रविवार चुकला नाही. ताई शनिवारीच दाणे भाजून ठेवायच्या. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, मधूनच शेंगाची पोळी. धनू खायचा आणि अखंड बोलायचा. बोलण्यात सतत आकडे.

"आज तेवीस पायऱ्या चढून आलो, दम लागला."

"मोज अजून. त्यापेक्षा रोज चाल."

"ताई, ही पितळेची परात आपल्या क्वार्टरातली ना? एकेचाळीस नंबरच्या?"

"आपलं सोळा नंबर होतं. एवढंही विसरलास?"

"सोळा का? बरं, सोळा."

ताईंना गंमत वाटायची. आकड्यांतला माणूस, आकड्यांतच बोलणार. शिंप्याच्या तोंडी कापड असतं तसं. मात्र बोलताना तो त्यांच्या तोंडाकडे एकटक बघायचा, तेव्हा त्यांना भरून यायचं. इतकं निरखून आपल्याकडे कुणी पाहिलं त्याला किती वर्षं झाली, याचा त्यांनी हिशेब केला नाही. केला असता तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत एका दुपारी डॉ. वृंदा केळुसकर ग्रंथालयात आल्या. या समितीच्या अध्यक्ष, आणि कट्टर कृष्णद्रव्यवाल्या. स्वभावाने मात्र सुतासारख्या सरळ. विरोधकाची चूक सापडली तर त्यांना जेवण गोड लागत नसे. परत द्यायचं पुस्तक टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "उज्ज्वलाताई, चार एप्रिलला पेटी उघडायची. जपून ठेवलीय ना?"

"माझ्या उशापाशी असते, मॅडम."

"मला खात्री होतीच. खरं सांगायचं तर माझ्या मनात बँकेचा लॉकर होता. पण लोखंडेंनीच तुमचं नाव लावून धरलं. म्हणाले, त्यांच्याकडे द्या, त्यांचा चेहरा म्हणजे बंद कपाट आहे." केळुसकर हसल्या. "कसं काय ओळखतात हो ते तुम्हाला इतकं?"

"एका गावचे आम्ही," ताई म्हणाल्या.

केळुसकर गेल्या. ताईंनी पुस्तक जागेवर लावलं, मग खाली काढलं, पुन्हा लावलं.

बंद कपाट. असं म्हणणारा धनू तर सगळ्या जगाला सांगायचा, ताईचं तोंड म्हणजे उघडं पुस्तक. त्याला पुरावाही होता, एकी-बेकीचा. आई गेल्यानंतरच्या दिवसांत ताई मुठीत चिंचोके धरायच्या आणि तो ओळखायचा, संख्या विषम असली तर एकी, सम असली तर बेकी. आधी तो चिवचिवत म्हणायचा, "एकी… बेकी… एकी… बेकी…" आणि ताईंचा खालचा ओठ दाताखाली गेला की तिथे थांबायचा. बरोबर निघायचं. दरवेळी. मोठा झाल्यावरही तो सांगायचा, "ताईच्या मनातलं नाव घेतलं की ती खालचा ओठ चावते. जगात फक्त मलाच माहीत आहे."

रविवारी तीन-तीन आकडे. तीस रविवार. हाऊजीच्या पिशवीत चकत्या नव्वद.

ताई खुर्चीवर बसल्या. त्यांनी भाकऱ्या मोजल्या नव्हत्या, भाजलेले दाणे मोजले नव्हते. पण दुसरं कुणीतरी सगळं मोजत होतं, ताट पुढे ओढून, तोंडाकडे बघत.

*

तरी माणसाचं मन असं, की हिशेब समोर दिसला तरी ते एकदा ताळा करून बघतं. एकतिसाव्या रविवारी ताईंनी मुद्दाम शेंगाच्या पोळ्या केल्या. मनाशी ठरवलं, आजमावून बघायचं. त्यात धनूचं काय बिघडणार? खरा माणूस असेल तर तो आकडा त्याच्या कामाचाच नाही. चाळणी लावायला आकडा लागत नाही, दुर्बीण चालवायला लागत नाही. ज्याला आकड्याचं करायचंच काही नाही, त्याला चुकीचा आकडा कळला काय आणि बरोबर कळला काय!

धनू आला. चपला काढता काढता म्हणाला, "ताई, अकरा तारखेचं लग्न ठरलं बरं का, वसाहतीतल्या आपल्या गोटूचं."

ताईंनी पोळी उलटली.

"बरं झालं. मुलगी कुठली?"

"मोहोळची." तो बसला. दोन घास खाल्ले. "तुला आठवतं, गोटूच्या बारशाला मी अठ्ठावीस पोळ्या खाल्ल्या होत्या?"

त्याने खाल्ल्या होत्या नऊ. त्याही रात्री ओकला होता. पण ताईंनी ते सांगितलं नाही. त्यांनी खालचा ओठ दाताखाली धरला.

धनूचा घास तोंडातच थांबला. डोळ्यांत ती जुनी, चिंचोके जिंकल्याची चमक आली; सात वर्षांच्या पोराचा चेहरा पन्नाशीच्या माणसावर कुणीतरी चिकटवल्यासारखा. मग ती चमक लगेच विझली, आणि तो हिशेब करू लागला. ताईंना तो हिशेब कळत नव्हता, पण त्याचं तोंड उतरत गेलं तेवढं दिसलं.

"काय झालं रे?"

"काही नाही. काम आठवलं एक." तो उठला. हात धुतले न धुतले. ताटात दीड पोळी तशीच.

"डबा तरी ने."

"पुढच्या रविवारी नेतो."

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ताईंचा ताळा बरोबर निघाला होता. असा बरोबर ताळा कुणाच्या नशिबी येऊ नये.

मार्चच्या मध्यावर त्या स्वतः डबा घेऊन त्याच्या खोलीवर गेल्या. दुपारची वेळ, तो पडद्यावरच्या ठिपक्यांत बुडालेला.

"धनू, कामात काही बदललंस का?"

"चाळणी जरा सैल केली. पानभर कारणं लिहिली, समितीने मान्य केली."

"कशासाठी सैल?"

"शास्त्रीय कारण आहे गं. तुला नाही कळायचं."

"जुनी चाळणी वाईट होती का?"

तो वळला. क्षणभर काहीतरी बोलणार असं वाटलं. मग हसला, लहान मुलाची समजूत काढावी तसा. "ताई, तू पुस्तकं सांभाळ. तारे मी सांभाळतो."

"सांभाळ. पण जुनीच बरी वाटली, तर अजून वीस दिवस आहेत हं."

यापेक्षा जास्त त्या बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं का? यावर केंद्रात नंतर दोन तट पडले. ताईंचं म्हणणं एवढंच की चोराला चुकीची किल्ली दिली, आता कुलूपही वाजवून दाखवायचं का?

*

चार एप्रिल, सोमवार, सकाळी दहा. सभागृह भरलं होतं. भिंतीवरच्या पडद्यांवर जगभरचे वीसेक चेहरे. व्यासपीठावर केळुसकर, शेजारी धनू, नवा सदरा घालून. त्या सदऱ्याला इस्त्री नीट नव्हती, हे ताईंच्या लक्षात आलं, आणि आपल्या लक्षात का आलं याचा त्यांना राग आला.

पडद्यावर फुगवलेलं उत्तर होतं: जोडतारे न्यूटनच्या हिशेबापेक्षा साडेत्रेपन्न टक्के जोरात. त्यातला फुगवटा भागाकाराने काढायचा होता, नुसत्या वजाबाकीने नाही.

केळुसकर म्हणाल्या, "सुरू करायच्या आधी एक सांगते. मी तीस वर्षं कृष्णद्रव्य शोधतेय. तारे फिरतात त्यावरून शोधते, प्रकाश वाकतो त्यावरून शोधते. पण सगळीकडे वजन करायला तराजू एकच, गुरुत्वाकर्षणाचा. आज तो तराजू चुकीचा निघाला तर पहिली टाळी माझी असेल. उज्ज्वलाताई, या."

ताईंनी किल्ली फिरवली. चकती काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"आठ."

धनूची मान वळली. चकतीकडे नाही, ताईंच्या तोंडाकडे.

यंत्राला वेळ लागत नाही. पडद्यावर आकडा आला: बेचाळीस. बेचाळीस टक्के जोरात. न्यूटनला हवं होतं शून्य, धनूला वीस. बेचाळीस हे कुणाचंच उत्तर नव्हतं. कुठल्याच नियमात बसेना. मागच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

केळुसकर हसल्या नाहीत. त्यांनी चाळणीच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. यंत्रात सगळ्या तारखेनिशी जपलेल्या असतात. "ही बावीस फेब्रुवारीची, सैल केलेली. हिच्या आदल्या आवृत्तीत फुगवलेलं उत्तर किती होतं? तीस. तिच्यातला आठचा फुगवटा काढू."

यंत्राने दाखवलं: वीस.

सगळ्यांना एकदमच कळलं. एकवीस फेब्रुवारीच्या रविवारपर्यंत धनंजय लोखंडे बरोबर होता. शंभर वर्षांतला सगळ्यात मोठा शोध त्याच्या पडद्यावर होता, फक्त त्यावर झाकण होतं. आणि त्याने तो स्वतःच्या हाताने मोडला होता.

"मग सैल का केलीत, लोखंडे?" केळुसकरांचा आवाज खाली गेला. त्यांनी कागदावर दोन आकडे मांडले, भागाकार केला, पुन्हा केला. "साडेत्रेपन्नातून अठ्ठावीसचा फुगवटा काढला तर बरोबर वीस उरतात. आदल्या तिसातून तोच काढला तर जेमतेम दीड उरतो. गुप्त आकडा अठ्ठावीस आहे असं धरून ही चाळणी बेतलीय. अठ्ठावीस कुठून आले?"

धनू म्हणाला, "योगायोग आहे."

"अठ्ठावीस मी दिले," ताई म्हणाल्या.

सगळे वळले. ताई अजून पेटीपाशीच उभ्या होत्या. "त्या फॉर्मवर रक्ताचं नातं विचारलं होतं, मॅडम. मानलेल्याचा रकाना नव्हता. हा माझा मानलेला भाऊ. एकतीस रविवार माझ्या घरी जेवला आणि माझ्या तोंडावर आकडा शोधत राहिला. शेवटी मी त्याला एक दिला. खोटा दिला. पण दिला. ते माझं काम नव्हतं."

केळुसकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पडद्यावरून कुणीतरी इंग्रजीत विचारलं, आदली आवृत्ती धरता येणार नाही का? वीस टक्के तर त्यात आहेतच.

"नाही," केळुसकर म्हणाल्या. "आकड्याच्या मागे लागलेल्या माणसाचा हात आठ महिने या ताटात होता. आदली चाळणी तरी निर्मळ होती, हे कोण सांगणार? सगळं उष्टं झालंय. हे दहा हजार जोड आता कुणालाच वाढता येणार नाहीत."

*

धनू ग्रंथालयात आला तेव्हा ताई टेबलाचा खण रिकामा करत होत्या.

"तू मला फसवलंस, ताई."

"हो."

"मी बरोबर होतो. वीस टक्के! वीस! तू ओठ चावला नसतास तर…"

"तर तू आठ हुडकला असतास, आणि आपण जिंकतोय बघून गप्प बसला असतास. आणि सगळा जन्म मला सांगत राहिला असतास की मी प्रामाणिकपणे जिंकलो." ताईंनी पेनांचा डबा पिशवीत टाकला. "आठ तू बोललाही होतास. दोनदा. एकदा दिवाळीच्या आधी, एकदा संक्रांतीला. मी भाकरी थापत होते."

"मग ओठ?"

"कसला ओठ?"

"तू चावतेस ना. मनातलं बोललं की. लहानपणापासून. एकी-बेकीत प्रत्येक वेळी…"

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. सांगू नये असं एक मन म्हणत होतं. पण आज खोटं बोलायचा त्यांचा वाटा संपला होता.

"तुझी आई गेली तेव्हा तू जेवत नव्हतास, धनू. चार दिवस. जिंकलास की एक घास खायचास. मग मी तुला जिंकवत गेले. ओठ मी मुद्दाम चावायची."

धनू कपाटाला टेकला. ज्या नियमावर त्याने ताईंना त्रेचाळीस वर्षं मोजलं होतं, तो नियम ताईंनीच एका उपाशी पोरासाठी केला होता. त्या पोराच्या बाहेर तो कधी लागूच नव्हता.

"मला आधी सांगायचंस," तो म्हणाला.

"तू मला आधी विचारायचंस. सरळ. 'ताई, मला भीती वाटते, आकडा सांग.' मी नसता सांगितला. पण जेवायला तरी वाढलं असतं."

तो दाराकडे वळला. मग निघून गेला. दार लावायची त्याला लहानपणापासून सवय नव्हती. ते उघडंच राहिलं.

*

तर आता शेवटची मांडणी.

न्यूटनचं काही गेलं नाही. तो पूर्वीसारखा बसून आहे. जोडताऱ्यांचंही नाही. त्यांना सात लाख वर्षांची फेरी पुरी करायची आहे, ते ज्या नियमाने फिरतात त्याने फिरताहेत. केळुसकर मॅडमची कृष्णद्रव्य पकडायची खाणीतली टाकी चालू राहिली. पण जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर कुणी पाहिला नाही, कारण पडद्यावर उमटलेलं ते 'वीस' त्यांनीही पाहिलं होतं आणि आता त्या टाकीकडे बघताना व्हल्कन आठवतो असं त्या एकदा बोलून गेल्या. नव्या, न उष्टावलेल्या जोडांसाठी नवी दुर्बीण लागेल. ती यायला सोळा वर्षं. तोवर कृष्णद्रव्य आहे की नाही, याचं उत्तर कुणाजवळ नाही. फॉर्मवर मात्र नवा रकाना आला: 'मानलेले नाते'. तेवढी एक वस्तू केंद्राच्या पदरात पडली.

धनूची नोकरी गेली, नाव गेलं. आणि जो नियम त्याने खरोखर मोडून दाखवला होता, तो मोडण्याचं श्रेय सोळा वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लागेल. आभारांची ओळ छापलीच नाही. ताईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि त्या कुर्डुवाडीला, सोळा नंबरच्या जवळच्या एका खोलीत राहायला गेल्या.

रविवारी त्या अजून दाणे भाजतात. भाजता भाजता त्या एकतीस रविवारांना चाळणी लावून बघतात. यातले किती आकड्याचे, किती माझे? बारीक चाळणी लावली तर एकही उरत नाही. सैल लावली तर एकदा तो 'चटणी आईसारखी झालीय' म्हणाला होता, तो रविवार आत येतो. मग पितळेच्या परातीचा येतो. आणि मग एकदम, न बोलावता, सात वर्षांचं एक पोर चिंचोके जिंकून घास घेतं, तोही रविवार येतो. तेव्हा त्या गॅस बंद करतात.

बाकीच्यांची वजाबाकी सोपी आहे. किंमत भरणारे शेवटी दोघंच निघाले. धनूने वीस टक्के भरले, जे त्याचेच होते. ताईंनी एकतीस रविवार भरले, आणि त्यांतले किती मुळात त्यांचे होते, हे त्यांना अजून मोजता आलेलं नाही.